सीएच्या निकालात न दिसणारी मुलं

सीए, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, झालेल्या मुलाला सुरुवातीलाच किती पॅकेज मिळतं, हे आपल्याकडे बारावी कॉमर्सच्या मुलापासून त्याच्या मामापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. सीएला नाव नोंदवलेल्या शंभर मुलांपैकी शेवटी सीए होतात किती, त्यांना वर्षं किती लागतात आणि उरलेल्यांचं पुढे काय होतं, हे विचारलं तर मात्र सगळे गप्प होतात. घरोघरी निर्णय होतो तो त्या पहिल्या आकड्यावर.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं अकाउंट्स खातं सांभाळतो. सीए झालेले, इंटर ही मधली परीक्षा करून थांबलेले, फायनलच्या पेपरांच्या दोन ग्रुपपैकी एक काढून दुसऱ्यात अडकलेले, नुसतं बी.कॉम. आणि टॅली केलेले, असे सगळ्या तऱ्हेचे उमेदवार माझ्यासमोर मुलाखतीला बसतात आणि त्यातले काही पुढे माझ्यासोबत कामही करतात. हे सगळं पाहून माझं मत पक्कं झालंय की सीए ही आजही आपल्याकडची सगळ्यात चोख व्यावसायिक पात्रता आहे आणि तिच्यासाठी केलेले कष्ट वाया जाणारे नाहीत. पण कुणी करावेत, किती वर्षं करावेत आणि मधेच थांबावं लागलं तर हातात काय उरेल, हे ठरवायला लागणारी माहितीच आपण मुलांपुढे ठेवत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आपण अंधारात उडी मारायला सांगतो आणि तो धडपडला की त्याच्या जिद्दीला दोष देतो.

आधी निकालाचे आकडे बघू. नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के पास झाले. मे २०२४ ला हेच प्रमाण १९.८८ टक्के होतं. फाउंडेशन ही पहिली पायरी, तिथेही जून २०२४ ला १४.९६ टक्केच पुढे गेले. हे आकडे पेपरात छापून आले की काही घरांत धसका बसतो, 'शंभरातली नव्वद नापास होतात म्हणे.' काही घरांत उलट होतं, 'आमचा दहांत येईलच.' दोन्ही वाचनं चूक आहेत, कारण ही टक्केवारी एका परीक्षेची आहे, एका पिढीची नव्हे. आज अडकलेला मुलगा पुढच्या वेळी पुन्हा बसतो. कुणी एकेक ग्रुप काढतं, कुणाला एखाद्या पेपरात साठ किंवा जास्त गुण पडल्यामुळे एक्झम्प्शन, म्हणजे त्या पेपरातून सूट, मिळते आणि तो पुढच्या वेळी बाकीच्या पेपरांवर जोर देतो. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण सरासरी ५० टक्के, हा नियम असा आहे की सगळ्या पेपरांत ४५ पाडणारा मुलगाही नापास होतो आणि चार महिन्यांनी तोच मुलगा पासही होऊ शकतो. म्हणजे नऊ टक्क्यांवरून घाबरून जाण्याचं कारण नाही. पण त्याच टक्केवारीवरून हेही कळत नाही की आज नोंदणी करणाऱ्या मुलाला शेवटपर्यंत पोचायची शक्यता किती आहे.

पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा होत. २०२४ पासून फाउंडेशन आणि इंटर, आणि २०२५ पासून फायनलही, वर्षातून तीनदा व्हायला लागली. नापास झालेल्याला सहा महिने थांबावं लागत नाही, हे चांगलंच झालं. पण मला याची दुसरी बाजूही रोज दिसते. निकाल लागतो, दोन महिन्यांवर पुढचा अटेम्प्ट असतो, 'आता एवढ्यासाठी नोकरी कशाला धरायची' म्हणून मुलगा पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसतो. पूर्वीचं सहा महिन्यांचं अंतर निदान थांबून विचार करायला भाग पाडायचं. आता पुढची तारीख कायमच जवळ असते, त्यामुळे थांबायची वेळ कधी आली हेच कळत नाही.

हे सगळं म्हणताना परीक्षा सोपी करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. ती अवघड असायला हवी आणि का असायला हवी हे महाराष्ट्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले आणि आयुष्यभराची पुंजी त्या बँकेत ठेवलेल्यांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो खोट्या खात्यांआड लपवलेली होती. त्याआधी जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँकेतली शिल्लक मुळात अस्तित्वातच नव्हती, हे उघड झालं होतं. अशा ताळेबंदांवर कुणाची तरी सही होती. 'हे हिशेब मी तपासले आहेत' या एका वाक्यावर विसंबून निवृत्त शिक्षक ठेव ठेवतो, बँक कर्ज देते, पुरवठादार उधारीवर माल सोडतो. ते वाक्य लिहिण्याचा हक्क कायद्याने फार थोड्या लोकांना दिलाय आणि त्या थोड्यांना गाळून घेणारी चाळणी बारीकच हवी.

पण ज्या सहीसाठी हा सगळा खटाटोप, तिचं कुंपण कायद्याने घातलेलं आहे आणि कायदा ते हलवतही असतो. कंपनीचं ऑडिट सीएनेच करायचं, हे कंपनी कायद्यात आहे आणि ते इतक्यात बदलेल असं वाटत नाही. कर लेखापरीक्षणाची मर्यादा मात्र बहुतेक व्यवहार रोखीविना करणाऱ्या धंद्यांसाठी एक कोटीवरून २०२० मध्ये पाच कोटींवर आणि २०२१ मध्ये दहा कोटींवर गेली. जीएसटीचं ऑडिट सीएकडून किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून करून घेण्याची सक्ती ऑगस्ट २०२१ पासून गेली, आता व्यापारी स्वतःच वार्षिक ताळमेळाचं पत्रक प्रमाणित करतो. तालुक्याच्या गावात ज्यांची प्रॅक्टिस अशा सक्तीच्या सह्यांवर चालायची त्यांना याची झळ बसली. ज्यांच्याकडे व्यापारी सल्ला घ्यायला जायचा, त्यांचं काम उलट वाढलं. सीए करताना नुसती सही कमवायची असेल तर ती उद्या किती उपयोगाची राहील हे दिल्लीत ठरणार. काम शिकायचं असेल तर ते कुणी काढून घेत नाही.

काम शिकणं म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगतो. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला मी तोंडी प्रश्न फारसे विचारत नाही. ट्रायल बॅलन्स, ३१ मार्चची स्टॉकची यादी आणि देणेकऱ्यांचे काही खातेउतारे पुढ्यात ठेवतो आणि सांगतो, अर्ध्या तासात यातलं जे खटकेल ते लिहून दे. एकदा एकाच जागेसाठी दोघं आले होते. एक मुलगा सीए झालेला, तोही पहिल्या फटक्यात. दुसरी मुलगी इंटर झालेली, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी, चाकणच्या एका छोट्या फर्ममध्ये केलेली, फायनलमध्ये अडकलेली. मुलाने गुणोत्तरं काढली, स्टॉकच्या मूल्यांकनाच्या मानकाचा क्रमांक अचूक लिहिला, देणेकऱ्यांच्या रकमेची वाढ टक्क्यांत मांडली. मुलीने यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि विचारलं, 'सर, प्लेटिंगला गेलेला माल कुठे धरलाय? खरेदीत ब्रॅकेट्स दिसतायत, विक्रीत तितके गेले नाहीत आणि गोडाउनच्या यादीतही नाहीत. जॉबवर्कची चलनं बघायला मिळतील का?' त्या यादीत मी मुद्दाम ठेवलेली गोम तीच होती. जॉबवर्कला, म्हणजे प्रक्रियेसाठी बाहेरच्या कारखान्यात, पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर पाठवल्या दिवसापासूनच तो विकला असं धरून जीएसटी लागतो, वर व्याज. आमच्यासारख्या कारखान्याला ही चूक लाखांत पडते. ती मुलगी पुस्तकातून हे शिकली नव्हती, चाकणच्या शेडमध्ये ३१ मार्चच्या रात्री कास्टिंगचे ढीग मोजताना शिकली होती.

आम्ही तिला घेतलं. त्या मुलालाही मी कमी लेखत नाही. त्याला नीट माणसं भेटली असती तर दोन वर्षांत तोही हे शिकला असता. पण त्याची आर्टिकलशिप कागदावरच झाली होती, हे त्यानेच सांगितलं. या व्यवसायातली ही सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच मोठ्याने न बोलणारी गोष्ट आहे. डमी आर्टिकलशिप. नाव एका फर्मच्या हजेरीवर, मुलगा दिवसभर अभ्यासिकेत. फर्मला कागदोपत्री एक माणूस मिळतो, मुलाला अभ्यासाला वेळ मिळतो, आणि व्यवहार दोघांच्याही सोयीचा म्हणून चालू राहतो. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, आणि ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मोकळे सोडून मगच फायनल देता येते. अभ्यासाला वेगळा वेळ दिल्यावर डमीची सबब संपायला हवी. संपली आहे का, हे सीएची परीक्षा घेणाऱ्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेने फर्मच्या दारात अचानक जाऊन तपासायला हवं. सीए या पात्रतेची एमबीए किंवा एम.कॉम.पेक्षा जी किंमत आहे ती या दोन वर्षांमुळे आहे. ती वजा केली तर उरते ती एक फार अवघड लेखी परीक्षा.

आता खर्चाकडे येतो. सीएची सगळ्यात मोठी थोरवी मला इथे वाटते. देणगी नाही, मॅनेजमेंट कोटा नाही, वशिला नाही. नोंदणीपासून फायनलपर्यंत संस्थेला भरायचे सगळे पैसे, सक्तीच्या प्रशिक्षणासह, खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या साधारण एका वर्षाच्या फीइतके होतात. उद्योगपतीचा मुलगा आणि भाजीची गाडी लावणाऱ्या बाईचा मुलगा एकाच हॉलमध्ये तोच पेपर लिहितात आणि तपासणाऱ्याला दोघांपैकी कुणाचंही नाव माहीत नसतं. दर निकालाला एखादा तरी व्हिडिओ फिरतो, मुलगा फूटपाथवर बसलेल्या आईला येऊन सांगतो, आई रडते. ते पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. तो आनंद शंभर टक्के खरा असतो.

पण फी परवडते म्हणून वाट पाहणं परवडेलच असं नाही. कागदावर बारावीनंतर ४२ महिन्यांत सीए होता येतं. प्रत्यक्षात एखाद-दुसरा अटेम्प्ट हुकला की पाच-सहा वर्षं सहज जातात. लातूरहून, बीडहून, सांगोल्याहून पुण्यात आलेला मुलगा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास, बसचा पास. जुन्या योजनेत मोठ्या शहरातही आर्टिकलशिपचा किमान स्टायपेंड पहिल्या वर्षी महिना २,००० रुपये होता. नव्या योजनेत तो वाढवलाय, तरी त्यात खोलीचं भाडंही निघणं कठीण. म्हणजे ही वर्षं चालतात ती घरून येणाऱ्या पैशांवर. ज्याचे वडील बँकेत आहेत तो चौथा, पाचवा अटेम्प्ट देऊ शकतो. ज्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात, त्याला दुसऱ्या अपयशानंतर मिळेल ती नोकरी धरावी लागते. पेपर दोघांना सारखा असतो, संधी मात्र किती वेळा द्यायची हे घरची परिस्थिती ठरवते. व्हिडिओतल्या त्या मुलाइतकाच हुशार, त्याच्याइतकाच कष्टाळू, पण एका अटेम्प्टचे पैसे कमी पडलेला मुलगा कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

आणि मुलींचं तर याहून वाईट आहे. मुलगा नापास झाला तर 'पुढच्या वेळी होईल'. मुलगी नापास झाली तर 'आता स्थळं बघायला लागू'. इंटर आणि आर्टिकलशिप उत्तम केलेल्या किती मुली फायनलच्या दुसऱ्या अटेम्प्टनंतर लग्न होऊन नाशिकला, सुरतेला, बंगळूरला गेल्या आणि पुस्तकं माहेरीच राहिली, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. मुलाला जितके अटेम्प्ट द्यायची तयारी आहे तितकेच मुलीला देणार नसाल तर पहिल्याच दिवशी तिला तसं सांगा. निदान तिला तिचा हिशेब मांडता येईल.

सीए जमत नसेल तर दुसरं काय, हा प्रश्न आला की हल्ली लगेच परदेशी पात्रतांची जाहिरात पुढे येते. अमेरिकेची सीपीए ही चार पेपरांची परीक्षा आता भारतातल्या केंद्रावर देता येते, प्रत्येक पेपरात ७५ गुण लागतात. ब्रिटनच्या एसीसीएचे तेरा पेपर. खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्यात परदेशी कंपन्यांची जी हिशेबाची कार्यालयं आहेत तिथे यांना मान आहे आणि तिथे आधीच काम करत असलेल्या माणसाने सीपीए केली तर बढतीला उपयोग होतो, हे मी पाहिलंय. पण या पात्रतांवर भारतात ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही. फायनल निघत नाही म्हणून कर्ज काढून लाखांची फी भरायची आणि वर्षभरात अमेरिकी पगार सुरू होईल असं समजायचं, हा सल्ला देणाऱ्याचं पोट बहुधा त्याच फीवर चालत असतं.

त्यापेक्षा घराजवळच्या गोष्टींकडे आपण बघतच नाही. कॉस्ट अकाउंटंट होण्याला आपल्याकडे दुय्यम मानलं जातं, पण औषधं, खतं, साखर, औद्योगिक अल्कोहोल अशा उद्योगांत ठरावीक उलाढालीवरच्या कंपन्यांना कॉस्ट ऑडिट लागतं आणि ते काम त्यांचंच. पश्चिम महाराष्ट्रात खासगी साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या किती वाढल्यात ते बघा. आणि जीडीसी अँड ए. राज्याच्या सहकार खात्याची ही सहा पेपरांची परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. पदवी, ही पदविका, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असेल तर सहकार कायद्याप्रमाणे प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत. गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था. त्यांचं लेखापरीक्षण दरवर्षी व्हावं लागतं आणि ते धडपणे करणारी माणसं कमी आहेत, हे कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. फायनलमध्ये अडकलेल्या मुलाने नोकरी करत करत ही परीक्षा दिली तर त्याच्या आर्टिकलशिपचा कस लागतो आणि गावातल्या पतसंस्थेलाही जाणता माणूस मिळतो. मी हे सुचवलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्यात प्रतिष्ठा वाटत नाही. खेडेगावातली पतसंस्था बुडाली की किती घरं बसतात हे पाहिलेल्या समाजाने तरी या कामाला कमी लेखू नये.

मग ठरवायचं कसं? पगाराच्या आकड्यापेक्षा मी कामाची आवड आधी तपासायला सांगेन. बारावीच्या सुट्टीत मुलाला ओळखीच्या कर सल्लागाराकडे दोन महिने नेऊन बसवा. पैसे मागू नका. व्हाउचर लावू दे, बँकेचा उतारा आणि कॅशबुक जुळवू दे, पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत जीएसटीचं विवरण भरलं नाही म्हणून १४ तारखेच्या २बी या पत्रकात खरेदीवर भरलेल्या कराचं आपलं क्रेडिट कसं दिसत नाही आणि २० तारखेला पैसे भरताना मालक कसा चिडतो, ते त्याला बघू दे. यातलं बरंच जुळवाजुळवीचं काम आता सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं, पुढे आणखी करेल. पण फरक का आला हे शोधायची उत्सुकता ज्याला वाटते, संध्याकाळी सहाला निघायचं सोडून जो 'हे अठराशे रुपये कुठे गेले' म्हणून बसून राहतो, त्याने सीए करावं. त्याची वर्षं वाया जाणार नाहीत, दोन अटेम्प्ट जास्त लागले तरीही. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याला रेटू नका, तो हुशार असला तरी. हुशारीवर इंटर निघेल, पुढची तीस वर्षं निघणार नाहीत.

दुसरं म्हणजे तारखा आधी ठरवा, आणि अपयश यायच्या आधी ठरवा, कारण नंतर ते कुणालाच जमत नाही. फाउंडेशन दोनदा देऊन निघालं नाही तर सरळ पदवी पूर्ण करावी. पदवीला कॉमर्सचे ५५ टक्के असले तर इंटरला थेट प्रवेश मिळतो, दार बंद होत नाही. पदवी नावापुरती करू नये, कॉलेजात जाऊन नीट करावी, कारण मधे थांबायची वेळ आली तर तीच हाताशी असते. आणि फायनलचे चार अटेम्प्ट झाले की पूर्णवेळ नोकरी धरावी. परीक्षा सोडावी असं नाही, नोकरी करून द्यावी. सव्विसाव्या वर्षी ज्याच्या बायोडेटात आर्टिकलशिपनंतर तीन वर्षं कोरी दिसतात, त्याला मुलाखतीला बोलवावं का, यावर कंपन्यांत खल होतो. त्याच मुलाने ती तीन वर्षं कुठेतरी काम केलं असतं तर खलच झाला नसता.

पण हे झालं घरापुरतं. आई-वडिलांच्या समजूतदारपणावर सगळं सोडता येणार नाही, काही गोष्टी सार्वजनिकच मागायला हव्यात.

कंपन्यांनी 'सीए' आणि 'सीए नाही' अशा दोनच रांगा लावणं थांबवावं. बाजाराने मधल्या मुलांसाठी 'सेमी क्वालिफाइड' नावाचा प्रकार काढलाय खरा, पण त्याला ना ठरलेला दर्जा, ना पगारपट्टी. सीएच्या जागेचं काम करून घ्यायचं आणि बी.कॉम.चा पगार द्यायचा, असा त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी झालाय. इंटर पास आणि खरीखुरी आर्टिकलशिप केलेला मुलगा सहा पेपर आणि दोन-तीन वर्षांचं काम पाठीशी घेऊन येतो. संस्थेने पूर्वी अशा मुलांसाठी अकाउंटिंग टेक्निशियनचं प्रमाणपत्र ठेवलं होतं, पण त्याची अट घातलेली नोकरीची जाहिरात मी तरी कधी पाहिली नाही. कंपन्या विचारत नाहीत तोवर असं प्रमाणपत्र फाइलीतच राहणार. आमच्याकडे या मुलांसाठी आम्ही वेगळी जागा आणि वेगळी पगारपट्टी केली आणि त्या जागेवर आलेली माणसं टिकली.

क्लासवाल्यांनी ऑल इंडिया रँकवाल्यांचे फोटो चौकाचौकांत लावावेत, त्याला हरकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कुठला कोर्स, किती काळ घेतला हे सांगायला लावलं, ते योग्यच झालं. त्याच फ्लेक्सवर आणखी एक ओळ हवी, त्या बॅचला एकूण किती मुलं होती. ती ओळ मी अजून एकाही फ्लेक्सवर वाचलेली नाही.

आणि सगळ्यात मोठी मागणी संस्थेकडे. भारतीय सनदी लेखापाल संस्था १९४९ च्या कायद्याने उभी राहिली, चार लाखांहून जास्त सभासद तिच्या नोंदवहीत आहेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ती पहिल्या दिवसापासून नोंदणी क्रमांक देते. म्हणजे कुठला विद्यार्थी कुठल्या वर्षी आला, इंटर कधी झाला, सभासद कधी झाला, हे तिच्या संगणकात असणारच. निकालाच्या दिवशी त्या परीक्षेची टक्केवारी जाहीर होते, तिच्या शेजारीच नोंदणीच्या वर्षाप्रमाणे एक तक्ता द्यावा. अमुक वर्षी फाउंडेशनला इतकी मुलं आली, पाच वर्षांत इतकी सीए झाली, सात वर्षांत इतकी, दहा वर्षांत इतकी. मुलगे किती, मुली किती. मोठ्या शहरातले किती, तालुक्याच्या गावचे किती. दुसऱ्यांच्या हिशेबांत पारदर्शकता आहे की नाही हे तपासणाऱ्या संस्थेला स्वतःच्या विद्यार्थ्यांचा हा हिशेब मांडणं जड जाऊ नये. त्यातून निघणारा आकडा कदाचित आपल्याला वाटतो त्याहून बराच चांगला असेल, मग भीतीने मागे फिरणारी कितीतरी हुशार मुलं पुढे येतील. वाईट निघाला तर आर्टिकलशिप, स्टायपेंड आणि शिकवणं यात काय बदलायचं हे कळेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी मुलाला पुण्याला पाठवण्यासाठी ठेव मोडायची की नाही, किती मोडायची आणि किती वर्षांसाठी, याचा विचार औसा किंवा माजलगावातला बाप खऱ्या आकड्यांवर करू शकेल.